वाचक विचारतात : टोमॅटो आधी आटवा, क्रीम मागाहून

क्रीमी टोमॅटो पास्ता सॉसबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. तक्रारी निरनिराळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ दोनच ठिकाणी सापडतं. एक तर क्रीम घालण्याआधी टोमॅटोतलं पाणी पुरेसं आटलेलं नसतं, नाहीतर क्रीम पडल्यावरही आच मोठीच राहिलेली असते. खाली मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान चमचा म्हणजे ५ मिली धरला आहे.

प्रश्न : पाककृती पुष्कळ वाचल्या, पण प्रत्येकीत प्रमाण वेगळं. चार माणसांसाठी नेमकं काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचं?

उत्तर : चौघांना सुका पास्ता ३५० ग्रॅम पुरतो. त्यासाठी पूर्ण पिकलेले, गरदार टोमॅटो १ किलो, मध्यम कांदा एक, लसणाच्या ४ पाकळ्या, टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, लोणी २० ग्रॅम, चिली फ्लेक्स अर्धा लहान चमचा, ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम १२५ मिली, पार्मेझान चीज ४० ग्रॅम आणि बेसिलची आठ-दहा पानं घ्या. मिठाचं माप मुद्दामच दिलेलं नाही, कारण चीज आणि पास्त्याचं पाणी दोन्ही खारट असतात. मीठ अगदी शेवटी चाखून घालायचं.

टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुली मारा, उकळत्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद ठेवा आणि लगेच गार पाण्यात टाका. साल बोटाने निघून येते. बिया काढून फेकायची सवय असेल तर जरा थांबा. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेटचं प्रमाण बाहेरच्या मगजापेक्षा जास्त असतं आणि सॉसची भरीव चव बरीचशी तिथूनच येते. बिया नकोच असतील तर गाळणीवर दाबून गर खाली उतरवून घ्या आणि वर उरतील त्या बियाच तेवढ्या टाका.

आता पसरट भांडं घ्या, २८ सेंटिमीटरच्या आसपासचं. स्टीलचं किंवा एनॅमलचं उत्तम. उघड्या लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात टोमॅटो अर्धा तास शिजला की सॉसला धातूची चव लागते. तेल आणि लोणी तापलं की बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ८ ते १० मिनिटं परता. कांदा पारदर्शक आणि पूर्ण मऊ व्हायला हवा, तांबूस नको. इथे घाई केली तर पुढे उपाय नाही. टोमॅटोतल्या आम्लामुळे कांद्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही, म्हणून टोमॅटो पडताना जो कांदा कचकचीत असतो तो अर्ध्या तासानेही तसाच लागतो.

मग ठेचलेला लसूण आणि चिली फ्लेक्स घाला आणि वास सुटेपर्यंत, जेमतेम एक मिनिट परता. कांदा बाजूला सारून मधल्या मोकळ्या जागेत पेस्ट घाला आणि मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं परता. भडक लाल पेस्ट विटकरी झाली आणि भोवतीचं तेल लाल दिसू लागलं की तिचा कच्चा, डबाबंद वास गेला असं समजा. पुष्कळ जण ही पायरी टाळून पेस्ट थेट रसात ढवळतात. तसं केलं तर रंग मिळतो, पण खमंगपणा येत नाही.

आता टोमॅटो हाताने कुस्करून घाला आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं आटवा. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि भराभर येतात, कडेला पाणी वेगळं दिसतं. शेवटी शेवटी ते मोठे, आळशी होतात आणि फुटताना शिंतोडे उडवतात. लाकडी चमचा भांड्याच्या तळावरून ओढा. मागे पडलेली वाट दोन सेकंद टिकून मग भरली आणि कडेला लालसर तेल दिसलं की सॉस आटला. साधारण ५०० ते ५५० मिली उरतो. तेल सुटणं ही या टप्प्यावरची चांगली खूण आहे. हेच तेल क्रीम पडल्यावर दिसलं तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

हवा असल्यास इथे मिक्सरमधून काढा. सॉस परत भांड्यात, आच मंद, मग क्रीम. तीन मिनिटं हलकं खदखदू द्या. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढलेला पास्ता आणि त्याचं १०० मिली पाणी घालून मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं हलवत राहा. गॅस बंद करा, चीज घाला, बेसिल हाताने तोडून टाका आणि चाखून मीठ घाला.

प्रश्न : क्रीम घातलं की कधी सॉस छान होतो, कधी फाटतो. कृती तीच, क्रीम तेच. असं का?

उत्तर : कृती तीच असली तरी टोमॅटो तेच नसतात. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या आसपास उतरला की ते एकमेकांना चिकटून गोळा होतं. टोमॅटोचा पीएच साधारण ४.२ ते ४.९ या पट्ट्यात असतो, म्हणजे नेमका त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे. गोडसर, पूर्ण पिकलेल्या टोमॅटोत क्रीम तगून जातं आणि थोड्या कच्च्या टोमॅटोत तेच क्रीम फाटतं. उष्णतेने हे गोळा होणं आणखी वेगात होतं.

क्रीम जितकं स्निग्ध तितकं सुरक्षित. ३५ टक्क्यांच्या क्रीममध्ये प्रथिनं कमी आणि स्निग्धांश भरपूर असतो, त्यामुळे ते उकळलं तरी सहसा फाटत नाही. २०-२५ टक्क्यांचं क्रीम वापरत असाल तर तीन गोष्टी पाळा. क्रीम अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. गरम सॉसच्या दोन पळ्या क्रीममध्ये घालून ढवळा आणि मग ते सगळं मिश्रण भांड्यात ओता. आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका, कडेला वाफ दिसली की पुरे.

फाटलेला सॉस दुरुस्त होईल का, हे तो कोणत्या प्रकारे फाटला त्यावर आहे. दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. चमच्याच्या पाठीवर थोडा सॉस घेऊन उजेडात बघा.

पांढरे बारीक दाणे आणि त्यांच्या भोवती पातळ लालसर पाणी दिसत असेल तर प्रथिनं साखळली आहेत. ती परत विरघळत नाहीत. हँड ब्लेंडर फिरवून दाणे बारीक करता येतात, एक-दोन चमचे ताजं क्रीम घालून ते झाकता येतात. सॉस खाण्याजोगा होतो, पण जिभेला थोडा रवाळ लागतोच.

दाणे नसून नुसतं तेल वर तरंगत असेल तर प्रथिनं शाबूत आहेत. फक्त पाणी कमी पडल्यामुळे स्निग्धांश वेगळा झाला आहे. क्रीम घातल्यावर फार वेळ आटवलं की हे होतं. यावर उपाय पक्का आहे: गॅस बंद करा, पास्त्याचं गरम पाणी तीन-चार मोठे चमचे घाला आणि व्हिस्कने जोरात फेटा. पाण्यातला स्टार्च तेलाचे थेंब धरून ठेवतो आणि मिनिटभरात सॉस पुन्हा एकजीव होतो.

प्रश्न : क्रीमऐवजी साधं दूध चालेल का?

उत्तर : थेट ओतलं तर फाटणार हे धरूनच चाला. स्टार्चच्या आधाराने मात्र उत्तम चालतं. २० ग्रॅम लोण्यात २० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. ३०० मिली पूर्ण स्निग्धांशाचं दूध थोडं थोडं घालत फेटा आणि तीन-चार मिनिटं खदखदू द्या, म्हणजे मैद्याचा कच्चेपणा जाईल. आता आटवलेला टोमॅटो या पांढऱ्या सॉसमध्ये पळीपळीने घाला. क्रम उलटा करू नका. सगळं दूध एकदम आम्लात पडण्यापेक्षा आम्ल थोडं थोडं दुधात मुरलेलं बरं. शिजलेला स्टार्च प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून हा सॉस सहसा फाटत नाही. चव क्रीमपेक्षा सौम्य आणि थोडी पिठूळ असते. मुलांना हाच जास्त आवडतो.

इतकं करायचं नसेल तर २०० मिली गार दुधात दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर कालवा, वेगळ्या भांड्यात ढवळत दाट करा आणि मग सॉसमध्ये घाला. घरी काढलेली साय वापरणार असाल तर ती आधी थोड्या दुधाबरोबर मिक्सरमधून गुळगुळीत करा. दूध तापताना सायीत प्रथिनं आधीच गोळा झालेली असतात, तशीच घातली तर तुकडे राहतात. दही आणि आंबवलेलं क्रीम सर्वात नाजूक. ते गॅस बंद केल्यावरच घालायचं.

प्रश्न : सॉस फार आंबट होतो. साखर घालून घालून शेवटी आंबटगोड चटणीसारखा लागतो. जास्त वेळ शिजवला तर आंबटपणा जाईल का?

उत्तर : नाही जाणार, उलट वाढेल. टोमॅटोतली सायट्रिक आणि मॅलिक आम्लं वाफेबरोबर उडून जात नाहीत. पाणी जातं, आम्ल भांड्यातच राहतं आणि घट्ट होतं. आटवताना गोडवाही तसाच घट्ट होतो, म्हणून पिकलेल्या टोमॅटोचा सॉस आटल्यावर संतुलित लागतो. मुळातच अर्धकच्चा टोमॅटो असेल तर आटवून काही साधत नाही.

साखर आम्ल कमी करत नाही, फक्त जिभेची समजूत काढते. १ किलो टोमॅटोला अर्धा लहान चमचा ही तिची मर्यादा. त्यापुढे जायची वेळ आली तर साखरेचा डबा बंद करून खायचा सोडा घ्या. सोडा आम्लाशी थेट रासायनिक क्रिया करून ते कमी करतो. लहान चमच्याचा आठवा भाग, म्हणजे दोन बोटांत मावेल अशी मोठी चिमूट, क्रीमच्या आधी घाला. कार्बन डायऑक्साइडचा फेस येईल. तो बसला की ढवळा, चाखा, गरज असेल तरच अजून एक लहान चिमूट. पाव लहान चमच्याच्या पुढे गेलात की सॉस साबणासारखा लागेल आणि टोमॅटोचा टोमॅटोपणाच जाईल. आम्ल कमी झाल्यामुळे क्रीम फाटण्याचा धोकाही उतरतो, हा वरचा फायदा.

गाजराचा मोठा तुकडा सॉसबरोबर शिजवून शेवटी काढून टाकणं ही जुनी रीत आहे. ती साखरेसारखीच थोडा गोडवा देते, आम्लाला हात लावत नाही. आणि आंबट वाटणारा सॉस पुष्कळदा फक्त अळणी असतो. तेव्हा सोड्याकडे जाण्याआधी एका वाटीत थोडा सॉस घेऊन त्यात मीठ घालून चाखा.

प्रश्न : सॉस चवीला चांगला, पण ताटात वाढला की खाली पाणी सुटतं आणि पास्ता कोरडाच राहतो.

उत्तर : ताज्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. १ किलोतून ५०० ग्रॅम सॉस करायचा म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणी वाफेवाटे घालवायचं आहे. उंच पातेलं, ठेवलेलं झाकण किंवा प्रेशर कुकर, या तिन्हींत ते पाणी आतच राहतं. कुकरमध्ये टोमॅटो शिजवायला हरकत नाही, पण नंतर पसरट भांड्यात उघडं आटवावंच लागेल. पाणचट सॉस क्रीम घालून दाट करायला जाऊ नका. क्रीम आणि आटवलेला टोमॅटो यांचं प्रमाण एकास चार असावं, एकास दोनच्या पुढे गेलं की टोमॅटोची चव हरवते.

दुसरं कारण पास्त्यात असतं. शिजल्यावर तो नळाखाली धुतला किंवा त्याला तेल चोळलं तर वरचा स्टार्च जातो, नाहीतर झाकला जातो आणि सॉस घसरून पडतो. पास्ता धुवायचा नाही. उकळत्या पाण्यात तेलही नको. ३५० ग्रॅमला ३ लिटर पाणी आणि लिटरला १० ग्रॅम मीठ पुरेसं आहे. गाळण्याआधी मगभर पाणी काढून ठेवायला विसरू नका. ते गढूळ, चिकटसर पाणी हाच सॉस आणि पास्ता यांच्यातला दुवा आहे. पास्त्याची शेवटची दोन मिनिटं सॉसमध्येच जाऊ द्या.

गॅसवरून उतरवताना सॉस हवा त्यापेक्षा थोडा सैल, सरसरीत असला पाहिजे. ताटात जाईपर्यंत तो आळतो. भांड्यात बरोबर वाटणारा सॉस ताटात घट्ट गोळा होतो. आकार निवडायचा तर रेघा असलेले पेने किंवा रिगातोनी घ्या, दाट सॉस रेघांत आणि पोकळीत बसतो.

प्रश्न : मिक्सरमधून काढला की लाल सॉस फिका केशरी का होतो? एकदा झाकणही उडालं.

उत्तर : मिक्सर सॉसमध्ये हवा कोंबतो आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतो. दोन्हींमुळे प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. वाटल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवलं की हवा बरीच निघून जाते, रंग काहीसा परततो. क्रीम घातल्यावर रंग आणखी उतरणारच, म्हणून पेस्ट आधी नीट परतून घ्यायची. क्रीम घातल्यानंतर मात्र मिक्सर नको, सॉस फेसाळतो.

झाकण उडतं ते कोंडलेल्या वाफेमुळे. सॉस दहा मिनिटं निवू द्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकणाला मधली टोपी असेल तर ती काढून वर दुमडलेलं फडकं धरा आणि सर्वात कमी वेगावर सुरुवात करा. टोपी नसेल तर सॉस पूर्ण गार होईपर्यंत थांबा किंवा हँड ब्लेंडर वापरा.

प्रश्न : डब्यातले चिरलेले टोमॅटो वापरले. तासभर शिजवूनही तुकडे तसेच. टोमॅटो खराब होते का?

उत्तर : खराब नव्हते. चिरलेल्या टोमॅटोचे तुकडे डब्यात टिकून राहावेत म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. ते पेक्टिनला घट्ट बांधतं, मग तुकडे विरघळत नाहीत. सॉससाठी सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचा डबा घ्या आणि हाताने कुस्करा. वरच्या प्रमाणाला ४०० ग्रॅमचे दोन डबे रसासकट, आटवायला २० मिनिटं. पसाटा, म्हणजे गाळून घेतलेला टोमॅटोचा गर, मिळाला तर ५०० ते ६०० मिली पुरतो आणि तो फार आटवावाही लागत नाही. पेस्ट ही वेगळी वस्तू आहे. इटलीतल्या दुप्पट घट्ट पेस्टमध्ये निदान २८ टक्के घन भाग असतो, ताज्या टोमॅटोत तो पाच-सहा टक्के. म्हणून पेस्टचे चमचे मोजून घाला, डबाभर ओतू नका.

सान मार्झानो टोमॅटोच घ्यावेत का, असंही काहींनी विचारलं आहे. इटलीत व्हेसुव्हियसजवळच्या सार्नो-नोचेरा भागातल्या या टोमॅटोला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. गर दाट, बिया कमी, आंबटपणा बेताचा. नुसत्या टोमॅटोच्या सॉसमध्ये फरक कळतो. क्रीम आणि चीज पडलेल्या सॉसमध्ये तो इतका पुसट होतो की त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं आमचं मत आहे.

प्रश्न : चीजच्या तारा आणि गुठळ्या होतात, चमच्यालाच गोळा चिकटतो.

उत्तर : उकळत्या सॉसमध्ये पार्मेझान घातलं की त्यातली प्रथिनं आवळली जातात, स्निग्धांश बाहेर पडतो आणि रबरासारखा गोळा उरतो. गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चीज दोन-तीन वेळा भुरभुरत घाला आणि प्रत्येक वेळी ढवळा. किसही महत्त्वाचा आहे. लांब जाडसर कीस वितळायला वेळ घेतो, तोवर बाहेरचा थर घट्ट होतो. किसणीच्या सर्वात बारीक बाजूने, जवळजवळ पिठासारखं किसा.

पाकिटात किसून येणाऱ्या चीजला बऱ्याचदा गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. त्याने सॉस खरखरीत होऊ शकतो. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर क्षार असल्यामुळे ते गुळगुळीत वितळतं, पण चव सपाट आणि खारट. वापरायचंच तर २० ग्रॅमवर थांबा.

प्रश्न : दुग्धजन्य पदार्थ चालत नाहीत. काजू वापरून तसाच दाटपणा येईल का?

उत्तर : दाटपणा नक्की येईल. चव थोडी वेगळी, गोडसर असेल. ६० ग्रॅम न भाजलेले काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी टाका आणि १२० मिली ताज्या पाण्याबरोबर दोन मिनिटं सलग वाटा. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. कण लागला तर अजून फिरवा, नाहीतर बारीक गाळणीतून काढा. लोण्याच्या जागी तेल वाढवा.

काजूत स्टार्च असतो, त्यामुळे वाटण गरम होताच सॉस झपाट्याने दाट होतो आणि बुडाला लागतो. म्हणून मिश्रण सुरुवातीला पातळच ठेवा, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं न थांबता ढवळा आणि लागेल तसं पास्त्याचं पाणी घाला. साखर अजिबात नको. चीज नसल्यामुळे येणारी पोकळी भरायला टोमॅटो पेस्ट एक चमचा जास्त घेऊन नीट खरपूस परता. बदामाचं वाटण सोलूनही थोडं रवाळ राहतं, नारळाच्या दुधाची स्वतःची चव वरचढ होते. पाहुण्यांना वाढणार असाल तर काजू आहेत हे आधी सांगा, सुक्या मेव्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतते.

प्रश्न : काही कृतींत व्होडका असते. तिचा उपयोग काय? मद्यार्क पूर्ण उडून जातो ना?

उत्तर : टोमॅटोतले काही सुगंधी घटक पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगले विरघळतात आणि वाफेबरोबर नाकापर्यंत पोचतात. सॉसला थोडा तिखटसर धारही येते. अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांत १९८० च्या दशकात हा प्रकार फार चालला. मद्यार्क पूर्ण उडतो हा मात्र गैरसमज आहे. पंधरा मिनिटं खदखदल्यावरही सुमारे ४० टक्के उरू शकतो. घालायची तर वरच्या प्रमाणाला ६० मिली, पेस्ट परतून झाल्यावर, गॅस बंद करून, आणि मग पुन्हा गॅस लावून टोमॅटोआधी दोन-तीन मिनिटं आटवायची. पेटत्या ज्योतीवर बाटलीतून ओतू नका. मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी सरळ वगळा, सॉसचं फार काही बिघडत नाही.

प्रश्न : बारा जणांसाठी करायचा आहे. सगळं तिप्पट केलं की झालं?

उत्तर : साहित्य तिप्पट होतं, पण भांड्याचा पृष्ठभाग तेवढाच राहतो. ३ किलो टोमॅटो एका भांड्यात आटवायला दीड तासही लागू शकतो आणि तोवर ताजेपणा निघून जातो. दोन पसरट भांड्यांत विभागा. किंवा कुस्करलेले टोमॅटो चाळणीत २० मिनिटं निथळत ठेवा, खाली जमलेला रस वेगळा मोठ्या आचेवर आटवून पाव करा आणि गरात मिसळा. क्रीम, चीज, पेस्ट तिप्पट. मिरची मात्र दुपटीवर थांबवा, हवी तर वरून घालता येते. पास्ता दोन-तीन खेपांत उकळा आणि प्रत्येक खेप तिच्या वाट्याच्या सॉसमध्ये वेगळी मिसळा.

प्रश्न : आधी करून ठेवला तर किती टिकतो? बाटलीत भरून बाहेर ठेवता येईल का?

उत्तर : क्रीम घातलेला सॉस फ्रिजमध्ये तीन दिवस. शिजल्यावर दोन तासांच्या आत, उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा. खोल डब्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो. गरम करताना तीन-चार चमचे दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर ढवळा. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या शक्तीवर, दर मिनिटाला ढवळत. पास्ता सॉसमध्ये मिसळून ठेवू नका, सकाळपर्यंत तो सगळा ओलावा पिऊन फुगतो.

फ्रीझरसाठी सॉस क्रीमच्या आधीच थांबवा. बर्फाचे स्फटिक क्रीममधल्या स्निग्धांशाचे थेंब फोडतात, म्हणून वितळल्यावर असा सॉस रवाळ आणि तेलकट दिसतो. नुसता टोमॅटोचा आटवलेला सॉस तीन महिने उत्तम राहतो. झिपच्या पिशवीत २ सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करून गोठवा, लवकर गोठतो आणि लवकर वितळतो. कडक डबा असेल तर वर दोन बोटं जागा सोडा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा आणि दुसऱ्या दिवशी गरम करून क्रीम घाला.

बाटलीत भरून फ्रिजबाहेर ठेवणं मात्र अजिबात नको. क्रीम, कांदा, लसूण पडलेल्या सॉसचा पीएच ४.६ च्या वर जाऊ शकतो आणि तिथे हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जिवाणू विष तयार करू शकतात. वास किंवा चव बिघडलेली असेलच असं नाही. घरी बाटली उकळत्या पाण्यात ठेवून या जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी १२० अंशांच्या आसपास तापमान लागतं. आणि सोडा घातलेला सॉस तर बाटलीत मुळीच भरू नका, त्याचं आम्ल तुम्ही स्वतःच कमी केलेलं असतं.